वर्षावास ते कठिन चीवरदान: विहार समितीने काय, कधी, किती?

पिंपळपार

जय भीम, नमो बुद्धाय.

आश्विन पौर्णिमा झाली की गावोगावी 'भव्य कठिन चीवरदान सोहळा' असे फलक लागतात. मंडप, स्पीकर, जेवणावळ सगळं असतं. पण तिथे वर्षावासाला (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या एका जागच्या मुक्कामाला) कोण भिक्खू बसले होते, असं विचारलं तर बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं की कोणीच नाही, भन्तेजी त्या दिवसापुरते बाहेरून येणार आहेत. मग ते चीवरदान (भिक्खूच्या वस्त्राचं दान) आहे, कठिन नाही. कठिन म्हणजे वर्षावास संपल्यावर महिनाभरात संघाला चीवर देण्याचा विधी. चीवरदान कधीही करता येतं आणि त्यात कमीपणाही नाही. कठिनाला मात्र अटी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या आषाढातच पुऱ्या कराव्या लागतात.

विहार समित्यांना उपयोगी पडेल असं सगळं एका धाग्यात आणू या. मुद्दे असे: तिथी, भिक्खूंची संख्या, कापड आणि शिवण, भोजनदानाची वेळ, पैशांचा व्यवहार, पुण्यानुमोदन (दानाचं पुण्य मृतांना अर्पण करणं). ज्याला जे नेमकं माहीत आहे त्याने तेवढंच लिहावं. "आमच्याकडे असंच करतात" हे उत्तर इथे नको.

विनयवाचक

चांगला धागा. संख्येपासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच अडतं.

कठिन हे संघाचं कर्म आहे, एका भिक्खूला दिलेली भेट नव्हे. संघ म्हणजे किमान चार भिक्खू. ते चौघे मिळून आलेलं वस्त्र पाचव्याला देतात, म्हणून पाच लागतात. हे पाचही पहिल्या वर्षावासाला, म्हणजे आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, बसलेले असावेत. महिनाभर उशिरा दुसऱ्या वर्षावासाला बसण्याची मुभा आहे, पण तसं बसणाऱ्याला कठिनाचे लाभ (नियमांतल्या सवलती) नाहीत.

आपल्याकडच्या बहुतेक विहारांत एक-दोनच भिक्खू असतात. अट्ठकथेने (पाळी ग्रंथांवरच्या जुन्या टीकेने) इथे वाट ठेवली आहे: गणसंख्या भरायला दुसऱ्या विहारातले भिक्खू बोलावता येतात. लाभ मात्र त्याच विहारात तीन महिने काढलेल्यांनाच मिळतात. काही परंपरांना ही सवलत मान्य नाही, त्या पाचही जण तिथलेच हवेत म्हणतात. ज्या भन्तेंना बोलावणार त्यांची परंपरा कोणती ते आधी विचारून घ्या, ऐन वेळी मंडपात चर्चा नको.

जिथे वर्षावासाला एकही भिक्खू नव्हता तिथे बाहेरून पंचवीस भिक्खू आणले तरी कठिन होत नाही. फलकावर 'चीवरदान व संघदान' लिहा, काहीही बिघडत नाही.

सावली

तिथीचा घोळ दर अधिक महिन्याला होतो, तो एकदा नीट मांडतो.

साध्या वर्षी हिशेब सरळ आहे. २०२५ मध्ये आषाढ पौर्णिमा १० जुलैला होती, ११ जुलैला वर्षावास सुरू झाला, आणि कठिनाचा महिना कार्तिक पौर्णिमेला, ५ नोव्हेंबरला संपला. गोंधळ फक्त आश्विन पौर्णिमेचा झाला: ती ६ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि ७ ला सकाळी संपली. कोजागरी ६ ला, उदयतिथी ७ ला. प्रवारणा (वर्षावास संपवण्याचा भिक्खूंचा विधी) कोणत्या दिवशी करायची हे भिक्खूसंघ ठरवतो. कॅलेंडरवर काय छापलंय यावरून समितीने पत्रिका छापू नये.

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता. आषाढ पौर्णिमा ३ जुलैला, आश्विन पौर्णिमा २८ ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये चार महिने. वर्षावास तर तीन महिन्यांचा. जे ४ जुलैला बसले त्यांचे तीन महिने भाद्रपद पौर्णिमेला, २९ सप्टेंबरलाच भरले. त्यांचा कठिनाचा महिना तिथूनच धरायला हवा होता. जे २ ऑगस्टला बसले त्यांचं सगळं आश्विन-कार्तिकाशी जुळलं. थायलंडमध्येही त्या वर्षी आसाळ्ह पूजा १ ऑगस्टला होती, कारण त्यांच्या पंचांगात अधिक महिना नेहमी आषाढाचाच धरतात.

चूक कुठे होते, तर ४ जुलैला बसवायचं आणि कठिन नोव्हेंबरच्या शेवटी ठेवायचं, 'कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतं' म्हणून. ते 'चालतं' हे तीन महिने आश्विन पौर्णिमेला संपतात असं गृहीत धरून आहे.

विनयवाचक

याला विनयात (भिक्खूंच्या नियमग्रंथात) आधारही आहे. बिंबिसार राजाने वर्षावास पुढच्या शुक्ल पक्षावर ढकलण्याची विनंती केली तेव्हा बुद्धांनी राजाच्या म्हणण्याप्रमाणे वागायला परवानगी दिली. म्हणजे राज्याच्या कालगणनेशी जुळवून घेण्याची सोय तेव्हापासून आहे. मात्र एकदा 'इमस्मिं विहारे इमं तेमासं वस्सं उपेमि' (या विहारात हे तीन महिने वर्षावास करतो) म्हटलं की तो 'तेमास' तिथून मोजायचा.

पिंपळपार

वर्षावासात भन्तेजी कार्यक्रमांना बाहेर जातात त्याचं काय? साक्षगंध, मंगल परिणय, पुण्यानुमोदन, शिवाय दसऱ्याला दीक्षाभूमी. वर्षावास मोडतो का?

विनयवाचक

मोडूही शकतो. दिवसा जाऊन संध्याकाळी परत आलं तर प्रश्नच नाही. रात्र बाहेर काढायची तर 'सत्ताहकरणीय' म्हणून, म्हणजे सात दिवसांच्या आत परतण्याच्या संकल्पाने आणि योग्य कारणासाठी. आजारी भिक्खू, आईवडील, संघाचं काम ही कारणं चालतात. उपासकाने दान द्यायला किंवा धम्म ऐकायला निरोप पाठवून बोलावलं तरी चालतं. निरोप हवा, 'सहज जाऊन येतो' हे कारण होत नाही. जास्तीत जास्त सहा रात्री बाहेर. सातवी रात्र उजाडण्याआधी विहाराच्या आवारात. मोजणी अरुणोदयाने होते, घड्याळातल्या बाराने नाही. पहाटे पाचला उतरवणारी गाडी उजाडेपर्यंत रखडली तर वर्षावास तुटला. ती रात्र हिशेबात धरूनच तिकीट काढायचं.

दसऱ्याची गोष्ट वेगळी आणि सोयीची आहे. अशोक विजयादशमी आश्विन शुद्ध दशमीला, प्रवारणा पौर्णिमेला, मध्ये पाच दिवस. प्रवारणेला सात दिवसांपेक्षा कमी उरले असताना सत्ताहकरणीय म्हणून निघालेला भिक्खू परत आला काय किंवा न आला काय, त्याचा वर्षावास पूर्ण धरला जातो, असं महावग्गात (विनयाच्या एका भागात) स्पष्ट आहे. त्यामुळे नवमीला किंवा दशमीला बोलावण्यावरून नागपूरला गेलेल्या भन्तेंना अडचण नाही. पंचमीलाच निघालेल्यांना ही सवलत लागू नाही, त्यांना परत येऊन पुन्हा जावं लागेल.

विहारात एक साधी वही ठेवा: कोण, कोणत्या तारखेला, कोणाच्या निरोपावरून गेले, कधी परतले. कठिनाच्या आधी 'कोणाचा वर्षावास अखंड आहे' हा प्रश्न आला की तीच उपयोगी पडते.

सुई_दोरा

आता कापडाकडे येते. तयार चीवर आणून ताटात ठेवणं ही आजची रीत आहे आणि अट्ठकथेला ती मान्य आहे. पण कठिनाचा मूळ गाभा 'त्याच दिवशी' यात आहे: त्याच दिवशी कापणं, शिवणं, रंगवणं. पावा इथले तीस भिक्खू श्रावस्तीला निघाले, वाटेत साकेतला वर्षावास लागला. तो संपल्यावर चिखल तुडवत, भिजलेल्या चीवरांनी ते जेतवनात पोचले. त्यावरून कठिनाची परवानगी आली. विहारातल्या महिला मंडळाला एक दिवस खरोखर शिवून बघायचं असेल तर अंतरवासक (कमरेचं वस्त्र) निवडा. संघाटी (बाहेरचं वस्त्र) दुहेरी असते, ती एका दिवसात अनुभवी हातांनाही अवघड जाते.

अंतरवासकाचं माप साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लांब, एक मीटरच्या आसपास उंच. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड चार मीटर घ्या. मोजून साडेतीनही पुरतं, पण धुतल्यावर ते आखडतं. कोरं सुती कापड पहिल्या गरम धुण्यात सहज पाच टक्के, कधी त्याहून जास्त आटतं. म्हणून दान देण्याआधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवा.

रचना मगधातल्या भातखाचरांसारखी. ती आनंदांनी बुद्धांच्या सांगण्यावरून आखली. पाच उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीत एक पूर्ण खाचर (मंडल) आणि एक अर्धं खाचर (अड्ढमंडल). एका पट्टीत अर्धं वर, शेजारच्या पट्टीत खाली. खाचरांमधला आडवा बांध म्हणजे अड्ढकुसी, पट्ट्यांमधला उभा बांध म्हणजे कुसी, आणि चारही बाजूंचा काठ म्हणजे अनुवात. बांध ५-६ सेंमी, काठ १४-१५ सेंमी ठेवला की छान बसतं.

काय बिघडतं ते आता.

सगळ्यात मोठी चूक: शिंपी अख्खं कापड घेऊन त्यावर चुण्या घालून बांधासारख्या रेघा काढतो. वरून बघितलं तर चीवर, पण कापलेलं नाही. पाळीत 'सञ्छिन्नेन' आहे, कापलेलंच हवं, आणि किमान पाच खंड. बाजारातल्या स्वस्त तयार चीवरांतही हीच चलाखी असते. ओळखायचं कसं? बांध उलटा करून बघा. खरा असेल तर दोन वेगवेगळ्या तुकड्यांच्या कडा एकमेकींत अडकलेल्या दिसतात. खोटा असेल तर कापड सलग जाऊन नुसतं दुमडलेलं दिसतं.

दुसरी: पाचही पट्ट्या एकदम न कापता एकेक मोजून कापणं. प्रत्येकीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो आणि शेवटी आडवे बांध जुळत नाहीत, काठ ओढला जाऊन कोपरा वर उचलला जातो. एक पुठ्ठ्याचा साचा करा, त्यावरून सगळ्या पट्ट्या आखा, मग कात्री लावा.

तिसरी चूक फार बारीक आहे, पण चारचौघांत उठून दिसते. रंगवायचं असेल तर दोरा सुती हवा. नेहमीचं पॉलिस्टरचं रीळ सुती कापडाचा रंग धरत नाही. कापड काषाय आणि शिवण पांढरी शुभ्र, सगळ्या बांधांवर चुन्याच्या रेघा मारल्यासारखी. आणि हे कळतं ते चीवर पिळून दोरीवर टाकल्यावरच.

दोन मशिनं, चार बायका आणि एक कापणारी असेल तर कापण्यापासून काठापर्यंत चार-पाच तास धरा. पहाटे सहाला सुरुवात केली तर भोजनदान संपेपर्यंत शिवण आटोपते, दुपारी रंग, संध्याकाळपर्यंत वाळवण. मशिनच्या जादा सुया जवळ ठेवा. काठाच्या कोपऱ्यात कापडाचे पाच-सहा पदर येतात, सुई तिथेच मोडते.

पिंपळपार

रंगाचं थोडं सविस्तर सांगा ना ताई. आणि चीवर रात्री वाळलं नाही तर?

सुई_दोरा

विनयात सहा प्रकारचे रंग सांगितलेत: मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ यांपासूनचे. फणसाच्या लाकडाचा काढा परंपरेने वापरतात, छान पिवळसर तपकिरी येतो. एका दिवसात काम उरकायचं असेल तर काढा आदल्या दिवशी उकळून गाळून ठेवा. रंग रेघोट्यांचा येतो तो कापड कोरडं बुडवल्यामुळे. आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, पिळा, मग रंगात टाका आणि पहिली दहा मिनिटं हात थांबवू नका. वाळवताना मधूनमधून उलटंसुलटं करत राहा, नाहीतर रंग खालच्या काठाला उतरतो.

वाळण्याची मुदत दुसऱ्या दिवशीच्या अरुणोदयापर्यंत. आश्विन-कार्तिकात ऊन असतं, पण दिवस लहान होतो आणि दव पडतं. चारनंतर बाहेर टाकलेलं कापड रात्री पुन्हा ओलं होतं. पंख्याखाली घ्या.

विनयवाचक

शिवणाऱ्या ताईंना अनेक साधुवाद. आता संघाच्या बाजूचा क्रम देतो, म्हणजे समितीला कुठे थांबायचं ते कळेल.

त्रिशरण-पंचशील झालं की दायक चीवर हातात घेऊन तीन वेळा म्हणतात: 'इमं कठिनचीवरं भिक्खुसंघस्स देम'. इथे 'भिक्खुसंघस्स' महत्त्वाचं. एखाद्या भन्तेंचं नाव घेऊन दिलं की ते वैयक्तिक दान झालं, कठिन राहिलं नाही. दायकांचं काम इथे संपतं.

मग संघ ते वस्त्र कोणाला द्यायचं हे ठरवतो; ज्याचं चीवर जीर्ण आहे त्याला आधी. ठराव मांडून एकदा घोषणा, म्हणजे ञत्तिदुतिय कर्म. ते चालू असताना सीमेच्या (विहाराच्या ठरलेल्या हद्दीच्या) आतला प्रत्येक भिक्खू अडीच हातांच्या अंतरात बसलेला हवा किंवा त्याने आपला छंद, म्हणजे संमती, कळवलेली हवी. उशिरा आलेले एखादे पाहुणे भन्ते मागे खुर्चीवर मोबाइल बघत बसले असतील तर कर्म दूषित होतं. स्वयंसेवकांनी एवढं तरी बघावं की सगळे भिक्खू एकत्र बसलेत.

ज्यांना चीवर मिळालं ते जुन्याचं अधिष्ठान (आपल्या वापराचं वस्त्र म्हणून केलेला निश्चय) सोडतात, नव्यावर कप्पबिंदू करतात (ठिपका निळा, चिखलाचा किंवा काळपट, आकार मोराच्या डोळ्याएवढा किंवा ढेकणाच्या पाठीएवढा, ही उपमा अट्ठकथेचीच), नव्याचं अधिष्ठान करतात आणि म्हणतात: 'इमिना अन्तरवासकेन कठिनं अत्थरामि'. उत्तरासंग (अंगावरचं वस्त्र) असेल तर 'इमिना उत्तरासङ्गेन', संघाटी असेल तर 'इमाय सङ्घाटिया'. मग बाकीचे अनुमोदन देतात: 'अत्थतं भन्ते सङ्घस्स कठिनं, धम्मिको कठिनत्थारो, अनुमोदामि'. हे अनुमोदन न दिलेल्या भिक्खूला लाभ नाही.

एका विहारात वर्षाला एकच कठिन. गावातल्या चाळीस घरांनी चाळीस चीवरं आणली तरी कठिन चीवर एकच, बाकीची सोबतची दानं. दोन मंडळांनी दोन रविवारी दोन 'कठिन' ठेवली तर दुसऱ्याला तसं म्हणता येत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. कठिनाचं वस्त्र भिक्खूने सुचवून, आडून बोलून मिळवलेलं चालत नाही. 'यंदा कोणी चीवर आणणार नाही का?' एवढं वाक्यसुद्धा पुरे होतं. म्हणून समितीनेच आषाढात दायक ठरवून टाकावा. उसनं आणलेलं, नंतर परत न्यायचं वस्त्रही चालत नाही. फोटोपुरतं तेच चीवर तीन विहारांत फिरवणाऱ्यांनी हे वाचावं.

मोठं_पातेलं

जेवणाचं मी सांगतो.

भिक्खूंचं भोजन मध्यान्हाच्या आत संपलं पाहिजे, सुरू झालं पाहिजे असं नव्हे. आपल्याकडे भाषणं लांबतात, आमदारसाहेब उशिरा येतात, आणि पावणेबाराला ताटं मांडली जातात. पाठ, दान, भोजन धरून दहा-सव्वादहाला बसवा, साडेअकराला हात धुऊन झाले पाहिजेत. भाषणं जेवणानंतर ठेवा, कोणी अडवत नाही.

ताटाचं: प्रत्येक पदार्थ हाताने, किमान ताटाला हात लावून, जवळून दिला पाहिजे. एकदा स्वीकारलेलं पातेलं उत्साही कार्यकर्ता 'थांबा, गरम करून आणतो' म्हणून उचलतो. मग ते पुन्हा द्यावं लागतं. कच्चा तांदूळ, कच्चं धान्य भिक्खूंच्या हातात देऊ नका, ते विहाराच्या कोठीत समितीकडे द्या. बिया असलेली फळं (पेरू, टोमॅटो, संत्री) असतील तर भन्ते म्हणतात 'कप्पियं करोहि' (योग्य करून द्या), उपासकाने सुरी किंवा नखाने टोचत 'कप्पियं भन्ते' म्हणायचं. कापून नेलीत तरी हे विचारलं जाईल, गडबडून जाऊ नका. बसण्याचा क्रम वयाने नाही, वर्षावासांच्या संख्येने. सत्तर वर्षांचे नवे भिक्खू तिशीतल्या थेरांच्या (ज्येष्ठ भिक्खूंच्या) खाली बसतात.

लोकांसाठी प्रमाण: साधं वरणभात-भाजी असेल तर शंभर माणसांना तांदूळ १० किलो, डाळ ४ किलो. खिरीला दूध १० लिटर, तांदूळ १ किलो, साखर दीड ते दोन किलो. शंभर लहान वाट्या होतात. तांदूळ अर्धा तास भिजवून दुधाला उकळी आल्यावर टाका. साखर तांदूळ पूर्ण शिजल्यावरच, आधी टाकली की दाणा कडक राहतो आणि कितीही उकळलं तरी मऊ होत नाही. गूळ वापरायचा तर आच बंद करून, खीर कोमट झाल्यावर. उकळत्या दुधात गूळ गेला की फाटलंच. बुद्ध पौर्णिमेला ऊन कडक असतं, त्या दिवशी सकाळची खीर मिरवणुकीनंतर संध्याकाळी वाटायचा विचार सोडा. शिजल्यापासून दोन तासांत संपवा, नाहीतर दोन घाण्या करा.

सावली

मध्यान्हाबद्दल एक दुरुस्ती-वजा पुस्ती. 'बाराच्या आत' हा नियम सोयीचा आहे, पण महाराष्ट्रात तो सगळीकडे सारखा सुरक्षित नाही. मध्यान्ह म्हणजे सूर्य माथ्यावर, आणि आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत. शिवाय नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो. म्हणून कठिनाच्याच महिन्यात मुंबईला मध्यान्ह १२:२२ च्या सुमारास, नागपूरला ११:५७, गोंदियाला ११:५३. गोंदियात बारापर्यंत जेवलं की विकाल (अवेळी) भोजन झालं. फेब्रुवारीत उलट: नागपूरलाही मध्यान्ह साडेबाराच्या जवळ जातं. मोठं_पातेलं यांचा 'साडेअकरा' सगळीकडे चालतो.

मोठं_पातेलं

हे माहीत नव्हतं. साडेअकराच पक्कं मग.

हिशेबवही

पैशांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. लिफाफा थेट भन्तेंच्या हातात देणं आपल्याकडे इतकं रुळलंय की न देणारा कंजूस ठरतो. पातिमोक्खाच्या (भिक्खूंच्या नियमावलीच्या) २२७ नियमांत सोनं-चांदी-पैसा स्वीकारणं हा निस्सग्गिय (ती वस्तू सोडून द्यावी लागते असा) दोष आहे. त्यातून मार्गही विनयातच आहे: पैसे कप्पियकारकाकडे, म्हणजे समितीच्या खजिनदाराकडे द्यायचे, आणि भन्तेंना फक्त निवेदन करायचं की 'अमुक इतक्या किमतीच्या योग्य वस्तू लागतील तेव्हा यांच्याकडून मागाव्यात'. दोन ओळींची छापील चिठ्ठी करा, रक्कम, खजिनदाराचं नाव, तारीख. प्रवासखर्चाचं तिकीट समितीनेच काढून द्यावं.

हिशेबात कठिनाचं खातं वेगळं ठेवा. बांधकाम निधीत मिसळलं की पुढच्या वर्षी वाद ठरलेला. दायकाला पावती द्याच. ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर हिशेब तपासणीत तीच लागते.

वस्तूंत काय द्यावं? अष्टपरिष्कार म्हणजे तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कायबंधन, पाण्याची गाळणी. एका भन्तेंकडे सात पात्रं साठतात आणि गाळणी एकही नसते, असं सगळीकडे दिसतं. विचारून द्या. औषध, चप्पल, टॉर्च, पांघरूण जास्त कामाला येतं.

अवांतर: रात्रभर परित्राण (रक्षणाच्या सुत्तांचा) पाठ ठेवणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. आत बसून पाठ करा, आवाज पुरतो.

तिसरा_प्रहर

पुण्यानुमोदनावर माझा आक्षेप आहे. पितृपक्षात संघदान ठेवायचं, पाणी ओतायचं, 'पितरांना पोचलं' म्हणायचं. हे श्राद्धच झालं. बावीस प्रतिज्ञांत सहावी काय आहे? श्राद्ध नाही, पिंडदान नाही.

विनयवाचक

आक्षेप रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करू. पितृपक्ष बघून तिथी काढणं याला बौद्ध आधार नाही. तो पंधरवडा वर्षावासात येतो एवढाच योगायोग. संघदान कुठल्याही दिवशी करता येतं, मग नेमका तोच पंधरवडा का, हा तुमचा प्रश्न योग्यच.

पुण्यानुमोदन मात्र पाळी परंपरेतलं आहे. 'इदं नो ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो' (हे आमच्या नातलगांना मिळो, ते सुखी होवोत) असं म्हणून भांड्यातलं पाणी ओततात, तेव्हा भिक्खू 'यथा वारिवहा पूरा' ही गाथा म्हणतात: भरलेल्या नद्या सागराला भरतात तसं. आता श्राद्धाशी फरक बघा. अन्न मृताला दिलं जात नाही, जिवंत संघाला दिलं जातं. आणि जाणुस्सोणि सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की दान सगळ्या मृतांना पोचत नाही, फक्त प्रेतगतीत जन्मलेल्यांना पोचतं. पण देणाऱ्याला फळ मिळतंच. ज्यांना परलोकाचा अर्थ मान्य नाही ते याकडे कृतज्ञ स्मरण म्हणून बघतात, विधी तोच राहतो. काकस्पर्श, पिंड, दहाव्या-तेराव्याची सक्ती यातलं काही त्यात नाही. तेराव्याला 'पुण्यानुमोदन' नाव देऊन तोच दिवस धरणं टाळावं, इथे तुमच्याशी सहमत.

तिसरा_प्रहर

स्मरण म्हणून हरकत नाही. पत्रिकेवर 'तेरावा' आणि 'पुण्यानुमोदन' दोन्ही छापतात तिथे माझा राग आहे.

सुई_दोरा

पाणी ओतण्याचं अगदी व्यवहारातलं: घरातले सगळे एका तांब्याला हात लावतात, कोणीतरी घाईने तो उपडा करतं आणि गाथा सुरू व्हायच्या आत पाणी संपतं. मग रिकामा तांब्या धरून पाच मिनिटं उभे. अरुंद चोचीचं भांडं घ्या, अर्धा लिटर पाणी, 'यथा'ला धार सुरू करा आणि पेन्सिलीपेक्षा जाड होऊ देऊ नका. खाली ताटली नको, पाणी उडतं. खोलगट वाडगं ठेवा. पाणी नंतर झाडाच्या मुळाशी.

पिंपळपार

बरंच जमा झालं. एक शेवटची शंका: समजा विहारात दोनच भिक्खू वर्षावासाला बसले, दोघांचाही वर्षावास अखंड. त्यांची प्रवारणा कशी? आणि बाहेरचे तीन भन्ते कधी बोलवावेत?

विनयवाचक

संघप्रवारणेला पाच लागतात. दोघे असतील तर एकमेकांपुढे बसून परस्परांना प्रवारणा देतात: पाहिलेलं, ऐकलेलं किंवा शंका आलेलं काही असेल तर सांगा, असं. एकटा असेल तर 'अज्ज मे पवारणा' असं अधिष्ठान करतो. त्यासाठी बाहेरून कोणाला आणण्याची गरज नाही, आणि आणूही नका, कारण बाकीचे तिघेही आपापल्या विहारात त्याच दिवशी प्रवारणेला बांधलेले असतात.

कठिनासाठी त्यांना पुढच्या महिन्यात बोलवा. त्यांच्या स्वतःच्या विहाराचं कठिन कोणत्या दिवशी आहे ते विचारून तारीख ठरवा आणि निमंत्रण आषाढातच द्या. कार्तिकात तीन मोकळे भिक्खू मिळणं अवघड असतं; सगळ्यांच्या तारखा एकाच रविवारी पडलेल्या असतात. आठवड्याचा मधला दिवस धरलात तर पाच जण सहज जमतील. कठिनाला रविवारच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही.

पिंपळपार

बुधवार धरतो. पत्रिकेत भोजनदान १०:१५, कर्म ८:३० असं टाकतो, आणि भाषणं १२ नंतर.

मोठं_पातेलं

मग कर्म आटोपेपर्यंत पावणेदहा धरा, नऊला भाताचं आधण ठेवतो.